आर्क वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर: ओळख, जोडणी आणि वापर

हातात धरलेल्या आवरणयुक्त रॉडने लोखंड जोडताना रॉड एकाच वेळी दोन कामे करतो. त्याच्या टोकाशी आर्क, म्हणजे विजेची सलग ज्योत, पेटतो आणि तेच टोक वितळून सांध्यात भरत जाते, म्हणूनच त्याला वितळणारा इलेक्ट्रोड म्हणतात. टंगस्टनचा न वितळणारा इलेक्ट्रोड आपल्या जागी राहतो, तर रॉडचे टोक क्षणाक्षणाला मागे सरकते. वितळलेला थेंब मध्येच जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, टेकून क्षणभर शॉर्ट सर्किट करतो, वेल्डरचा हात थोडा वरखाली होतो आणि आर्कची लांबी सतत बदलत राहते. अशा चंचल भाराला जवळजवळ एकसारखा करंट पुरवणे हे वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरचे काम आहे. विद्युतदाब कमी करणारा कोणताही मोठा ट्रान्सफॉर्मर हे काम करू शकेल, असा नवशिक्यांचा समज असतो. तो चुकीचा का आहे हे नीट कळले, की यंत्राची निवड, जोडणी आणि वापर यांतील बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

जाणूनबुजून ठेवलेली चुंबकीय गळती

वितरणासाठी किंवा उपकरणांसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक गुंडाळीने निर्माण केलेले चुंबकीय क्षेत्र शक्य तेवढे पूर्ण दुय्यम गुंडाळीतून जावे, अशी अभियंत्यांची धडपड असते, कारण मधल्या मधे गळणाऱ्या क्षेत्रामुळे भार वाढताच विद्युतदाब घसरतो. वेल्डिंगच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हीच गळती मुद्दाम वाढवलेली असते. गळणारे क्षेत्र दुय्यम परिपथात जोडलेल्या मोठ्या चोकसारखे, म्हणजे करंटच्या बदलाला अडवणाऱ्या गुंडाळीसारखे, वागते. या चोकचा रिॲक्टन्स, म्हणजे एसी करंटला होणारा त्याचा विरोधच, करंटला वेसण घालतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. भार नसताना दुय्यम बाजूला ७० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर १६० अँपिअरवर लावला आहे. आवरणयुक्त रॉडसाठी आर्कचा विद्युतदाब मोजण्याचे प्रमाणित सूत्र २० अधिक करंटच्या ०.०४ पट असे आहे, त्यामुळे १६० अँपिअरला तो २६.४ व्होल्ट येतो. आर्कला ढोबळपणे साधा रोध मानले आणि तारांचा रोध सोडून दिला, तर ७० व्होल्टपैकी सुमारे ६५ व्होल्ट रिॲक्टन्सवर पडतात आणि त्याचे मूल्य ०.४ ओहमच्या आसपास निघते. हे दोन विद्युतदाब एकमेकांशी काटकोनात असल्यामुळे त्यांची साधी बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. आता हात वर गेला आणि आर्क लांबून ३२ व्होल्टवर पोहोचला, तरी करंट १६० वरून फक्त १५३ अँपिअरच्या आसपास येतो. उलट रॉड जॉबला पूर्ण चिकटला, म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट झाले, तरी तो सुमारे १७२ अँपिअरच्या पुढे जात नाही. चार टक्के इम्पीडन्सच्या (करंटला होणाऱ्या एकूण विरोधाच्या) नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरचे शॉर्ट सर्किट केले असते, तर करंट पूर्ण क्षमतेच्या २५ पट झाला असता आणि फ्यूज तरी उडाला असता किंवा गुंडाळी तरी जळली असती. रॉड चिकटणे ही वेल्डिंगमधील रोजची घटना आहे आणि ट्रान्सफॉर्मरने ती सहन करणे अपेक्षितच असते.

या रिॲक्टन्सचे दुसरे काम कमी ठाऊक असले, तरी माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. ५० हर्ट्झच्या एसी पुरवठ्यात करंट दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, आणि तेवढ्या वेळा आर्क विझून पुन्हा पेटावा लागतो. करंट मर्यादित ठेवण्यासाठी नुसता रोध वापरला असता, तर करंट आणि विद्युतदाब एकाच क्षणी शून्य झाले असते आणि आर्कला पुन्हा पेटवायला काहीच उरले नसते. रिॲक्टन्समुळे करंट विद्युतदाबाच्या मागे पडतो. वरच्या उदाहरणात हा फरक सुमारे ६८ अंशांचा आहे, त्यामुळे करंट शून्यावर येतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरचा विद्युतदाब ९० व्होल्टच्या घरात असतो आणि आर्क लगेच पेटतो. भाररहित विद्युतदाब ७० ऐवजी ४० असता, तर त्या क्षणी जेमतेम ४३ व्होल्ट मिळाले असते आणि आर्क तडतडत विझत राहिला असता. भाररहित विद्युतदाब जितका जास्त तितका आर्क सुकर, पण तितकाच विजेच्या धक्क्याचा धोका अधिक, ही ओढाताण प्रत्येक वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरच्या रचनेत असते.

आवरण नसलेल्या धातूच्या कांबीने एसीवर वेल्डिंग करणे जवळपास अशक्य असते. निकोलाय स्लाव्यानोव यांनी १८८८ मध्ये रशियात वितळणाऱ्या धातूच्या इलेक्ट्रोडने वेल्डिंग केले, ते डीसी जनित्रावर. रॉडला आवरण देण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग यांनी पुढे आणली, आणि आवरणात सहज आयन होणारी पोटॅशियमसारखी द्रव्ये आल्यावरच साधा ट्रान्सफॉर्मर वेल्डिंगला खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला.

करंट कमीजास्त कसा होतो

यंत्रावरचा दांडा किंवा चाक फिरवताना आपण प्रत्यक्षात गळती कमीजास्त करत असतो. हलत्या गाभ्याच्या यंत्रात दोन गुंडाळ्यांच्या मध्ये पत्र्यांचा एक लोखंडी ठोकळा स्क्रूने आतबाहेर सरकतो. ठोकळा आत गेला की क्षेत्राला दुय्यम गुंडाळी टाळून जाण्याची वाट मिळते, गळती वाढते आणि करंट कमी होतो. बाहेर काढला की करंट वाढतो. हलत्या गुंडाळीच्या यंत्रात दोन गुंडाळ्यांमधील अंतर बदलते. अंतर वाढले की करंट घटतो. तिसऱ्या प्रकारात वेगळा चोक असतो आणि त्यावरील टॅप (गुंडाळीतून मधेमधे काढलेली जोडटोके) बदलून करंट ठरावीक पायऱ्यांनी बदलता येतो. पहिल्या दोन प्रकारांत करंट सलग बदलता येत असल्यामुळे पातळ आणि जाड अशी दोन्ही कामे करणाऱ्याला ते सोयीचे पडतात. टॅपचे यंत्र मजबूत असते, पण दोन टॅपच्या मधला करंट हवा असेल तेव्हा अडचण होते. टॅपचा स्विच आर्क चालू असताना कधीही फिरवू नये, कारण त्याचे संपर्कबिंदू जळतात.

पायरी पहिली: ओळखपट्टी वाचणे

यंत्र विकत घेताना किंवा उसने आणताना सर्वप्रथम त्याची ओळखपट्टी वाचावी. तिच्यावर प्राथमिक बाजूचा विद्युतदाब, फेजची संख्या, वारंवारता, भाररहित विद्युतदाब, करंटची किमान व कमाल मर्यादा आणि ड्यूटी सायकल दिलेली असते. ओळखपट्टी नसलेले यंत्र नवशिक्याने घेऊ नये, मग ते कितीही दणकट वाटो.

ड्यूटी सायकल दहा मिनिटांच्या कालावधीवर मोजतात. १६० अँपिअरला ३५ टक्के याचा अर्थ त्या करंटवर दहा मिनिटांत साडेतीन मिनिटे आर्क चालवावा आणि उरलेला वेळ यंत्राला थंड होऊ द्यावे. गुंडाळीतील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे कमी करंटवर किती काम करता येईल हे काढणे सोपे आहे. ओळखपट्टीवरच्या ड्यूटी सायकलला इच्छित ड्यूटी सायकलने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने करंटला गुणावे. वरचे यंत्र ६० टक्क्यांवर सुमारे १२२ अँपिअर आणि सलग चालवायचे असल्यास सुमारे ९५ अँपिअर देऊ शकते. हे गणित उलट दिशेने, म्हणजे ओळखपट्टीवरच्या कमाल करंटपेक्षा जास्त करंट मिळवण्यासाठी वापरू नये. हाताने वेल्डिंग करताना रॉड बदलणे, स्लॅग (आवरण वितळून सांध्यावर जमलेली कवची) काढणे आणि जॉब फिरवणे यात बराच वेळ जातो, म्हणून ३५ ते ६० टक्क्यांचे यंत्र साधारण कामाला पुरते.

वारंवारतेकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच विद्युतदाबाच्या ५० हर्ट्झवर चालवला, तर गाभ्यातील चुंबकीय घनता २० टक्क्यांनी वाढते. गाभा संपृक्त होऊन भार नसतानाही यंत्र मोठ्याने गुणगुणते आणि तापते.

प्राथमिक आणि दुय्यम गुंडाळ्या एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या पूर्णपणे वेगळ्या असल्या पाहिजेत. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्हींची गुंडाळी एकच असते आणि पुरवठ्याचा पूर्ण विद्युतदाब होल्डरपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून तो या कामासाठी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. जुन्या उपकरणांतील ट्रान्सफॉर्मर उलगडून, नव्याने गुंडाळून घरच्या घरी वेल्डिंग यंत्र बनवण्याचे प्रयोग होत असतात. इन्सुलेशनचा वर्ग, दोन गुंडाळ्यांमधील अंतर आणि गळतीचे प्रमाण यांपैकी काहीही तपासलेले नसल्यामुळे नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पायरी दुसरी: पुरवठ्याची जोडणी

वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर पुरवठ्यातून किती करंट ओढेल, याचा अंदाज नवशिक्यांना सहसा कमी येतो. आर्कमध्ये प्रत्यक्ष खर्च होणारी शक्ती १६० गुणिले २६.४, म्हणजे सुमारे ४.२ किलोवॅट असते आणि यंत्रातील नुकसान धरून ती पाच किलोवॅटच्या आसपास जाते. एवढ्यावरून २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून २२ अँपिअर पुरतील असे वाटते, पण ट्रान्सफॉर्मर ओढतो तो करंट भाररहित विद्युतदाबाच्या हिशेबाने: ७० गुणिले १६० म्हणजे ११.२ केव्हीए (हजार व्होल्ट-अँपिअर), आणि २३० व्होल्टला सुमारे ४९ अँपिअर. ४०० व्होल्टच्या दोन फेजमध्ये जोडल्यास हाच आकडा २८ अँपिअर होतो. आर्क स्थिर ठेवणारा रिॲक्टन्स पॉवर फॅक्टर, म्हणजे प्रत्यक्ष शक्तीचे केव्हीएशी असलेले प्रमाण, ०.४ ते ०.५ पर्यंत खाली आणतो, ही त्या स्थिरतेची किंमत आहे.

त्यामुळे साध्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असे यंत्र लावू नये. त्याच्यासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार, स्वतंत्र स्विच आणि योग्य क्षमतेचा ब्रेकर किंवा फ्यूज असावा आणि ही जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडून करून घ्यावी. यंत्र चालू करण्याच्या क्षणी गाभ्यात क्षणिक मोठा करंट येतो आणि झटकन उघडणारा ब्रेकर विनाकारण पडतो, म्हणून अशा ठिकाणी सुरुवातीचा धक्का सहन करणारा डी प्रकारचा ब्रेकर निवडतात. यंत्राची पेटी संरक्षक अर्थिंगला जोडलेलीच असली पाहिजे. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी प्राथमिक बाजूला कपॅसिटर बसवलेला असल्यास पुरवठा बंद केल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो, हे पेटी उघडणाऱ्याने विसरू नये.

जनित्रावर ट्रान्सफॉर्मर चालवायचा असेल, तर किलोवॅट पाहू नयेत, केव्हीए पाहावेत आणि एका फेजवर येणाऱ्या भारामुळे होणारा असमतोलही विचारात घ्यावा. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पुरवठ्याचा चढउतार भरून काढण्याची कोणतीही सोय नसते. पुरवठा दहा टक्क्यांनी घसरला, तर आपल्या उदाहरणातील करंट सुमारे बारा टक्क्यांनी खाली येतो. चालू कामात रॉड अचानक चिकटू लागला, तर हाताला दोष देण्याआधी पुरवठ्याचा विद्युतदाब मोजावा.

पायरी तिसरी: केबल, होल्डर आणि परतीचा क्लॅम्प

दुय्यम बाजूला विद्युतदाब कमी आणि करंट प्रचंड असल्यामुळे इथले प्रत्येक सैल बोल्ट आणि गंजलेले लग (केबलच्या टोकाची जोडपट्टी) जाणवते. तांब्याच्या ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलने यंत्रापासून जॉबपर्यंत २० मीटर आणि परत २० मीटर अंतर कापले, तर रोध ०.०२ ओहम होतो आणि १५० अँपिअरला तीन व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. हे चालण्यासारखे आहे, पण केबल आणखी बारीक किंवा लांब असेल, तर ती तापते आणि दांड्यावर दिसणारा करंट आर्कपर्यंत पोहोचत नाही. उरलेली केबल यंत्राभोवती किंवा लोखंडी वस्तूवर वेटोळे करून ठेवण्याची सवय अनेकांना असते. एसीवर हे वेटोळे स्वतःच एक चोक बनते आणि करंट खाली आणते, म्हणून केबल लांब, सैल वळणांनी पसरून ठेवावी आणि जाण्याची व येण्याची केबल शक्यतो शेजारीशेजारी न्यावी.

परतीचा क्लॅम्प जॉबवर, सांध्याच्या शक्य तितक्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या जागी लावावा. इमारतीचे लोखंडी खांब, पाण्याच्या नळ्या किंवा यंत्रांच्या चौकटी यांचा परतीची तार म्हणून उपयोग करू नये. करंट मग स्वतःची वाट शोधतो आणि ती वाट एखाद्या मोटरच्या बेअरिंगमधून किंवा दुसऱ्या उपकरणाच्या अर्थिंगच्या तारेतून जाऊ शकते. बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात किंवा अर्थिंगची बारीक तार जळून जाते, आणि ते उपकरण पुढे विनाअर्थिंग चालत राहते, ज्याचा पत्ता कुणालाच लागत नाही.

पायरी चौथी: रॉडची निवड

एसीवर कोणता रॉड चालेल हे त्याच्या आवरणावर ठरते. अमेरिकी वर्गीकरणातील ई ६०१३ हा रुटाइल (टायटॅनियमचे खनिज) आवरणाचा रॉड नवशिक्यासाठी सर्वांत योग्य आहे, कारण तो सुमारे ५० व्होल्टच्या भाररहित विद्युतदाबावरही सहज पेटतो, आर्क मऊ राहतो आणि स्लॅग सोपेपणाने निघतो. ई ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड मजबूत सांधा देतो, पण एसीवर त्याला साधारण ७० व्होल्ट लागतात, आणि तो या ट्रान्सफॉर्मरवर नीट चालत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुधा यंत्राचा भाररहित विद्युतदाबच अपुरा असतो. सेल्युलोज आवरणाच्या रॉडपैकी ई ६०१० हा डीसीसाठीच आहे, तर त्याच जातीचा ई ६०११ आवरणातील पोटॅशियममुळे एसीवर चालतो. कमी हायड्रोजनच्या ई ७०१५ आणि ई ७०१८ मध्येही असाच भेद असून पहिला फक्त डीसीसाठी आहे. खोक्यावर एसी आणि किमान भाररहित विद्युतदाब छापलेला असतो. तो वाचून यंत्राच्या ओळखपट्टीशी ताडून पाहणे हेच सर्वांत खात्रीचे.

करंट ठरवण्यासाठी रॉडच्या आतल्या तारेच्या व्यासाचा आधार घ्यावा. सुरुवातीला दर मिलिमीटरला साधारण ३५ अँपिअर धरावेत, म्हणजे २.५ मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९०, ३.१५ मिलिमीटरला ९० ते १३० आणि ४ मिलिमीटरला १३० ते १८० अँपिअरच्या मर्यादेत काम होते. उभ्या आणि डोक्यावरच्या सांध्यासाठी यातील खालची बाजू निवडावी. कमी हायड्रोजनच्या रॉडने ओलावा शोषलेला असल्यास सांध्यात हायड्रोजन शिरून पुढे तडे जाऊ शकतात, म्हणून ते उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, सर्वसाधारणपणे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला भाजून मग गरम डब्यात ठेवतात. सेल्युलोज आवरणाचे रॉड मात्र असे भाजू नयेत, कारण त्यांच्या आवरणाला थोडा ओलावा लागतोच.

गुंडाळीवरून सलग येणाऱ्या तारेने होणाऱ्या मिग वेल्डिंगसाठी हा ट्रान्सफॉर्मर उपयोगाचा नाही. तिथे तार ठरावीक वेगाने येते, आर्कची लांबी आपोआप सांभाळली जाण्यासाठी करंट नव्हे तर विद्युतदाब स्थिर असावा लागतो आणि पुरवठाही डीसी लागतो.

पायरी पाचवी: आर्क पेटवण्याआधी स्वतःची तयारी

सत्तर-ऐंशी व्होल्ट ऐकायला कमी वाटतात, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वसाधारण जागी हाताच्या वेल्डिंगसाठी एसीचा भाररहित विद्युतदाब ८० व्होल्टपर्यंत चालतो, पण टाकीच्या आत, ओल्या जागी किंवा चारही बाजूंनी लोखंड असलेल्या अरुंद जागी ही मर्यादा ४८ व्होल्टवर येते, आणि अशा जागी चालणाऱ्या यंत्रावर चौकोनात इंग्रजी एस अक्षराची खूण असते. साध्या ७० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरने अशा जागी काम करू नये. जिथे पर्याय नसतो तिथे आर्क नसताना विद्युतदाब आपोआप खाली आणणारे उपकरण बसवतात. अंगाला घाम असतो, हातमोजा ओला असतो आणि एका हाताने रॉड बदलताना दुसरा हात जॉबवर टेकलेला असतो. बहुतेक धक्के आर्क चालू असताना नव्हे, तर याच क्षणी बसतात, कारण तेव्हा होल्डरवर पूर्ण भाररहित विद्युतदाब असतो.

एकाच जॉबवर दोन वेल्डर दोन ट्रान्सफॉर्मरने काम करत असतील, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन्ही यंत्रांच्या जोडण्या एकमेकींच्या उलट असल्यास त्यांच्या दोन होल्डरमध्ये दोन्हींच्या बेरजेइतका, म्हणजे दीडशे व्होल्टच्या आसपास विद्युतदाब उभा राहतो. दोघांनी एकमेकांचे होल्डर हाताळू नयेत आणि जोडणी आधी व्होल्टमीटरने तपासावी.

कोरडे, न फाटलेले चामडी हातमोजे, जाड सुती किंवा चामडी कपडे, रबरी तळव्याचे बूट आणि पायाखाली कोरडी फळी एवढे किमान असावे. चेहऱ्यासाठी या करंटच्या मर्यादेत १० ते १२ क्रमांकाच्या काचेची ढाल लागते. आर्कमधील अतिनील किरणांनी डोळ्यांना होणारी इजा लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागते. म्हणून जवळ उभे राहणाऱ्यांसाठी पडदा लावावा. धुराच्या बाबतीतही ढिलाई चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला आहे. वारा धूर चेहऱ्यापासून दूर नेईल अशा बाजूला उभे राहावे, जस्ताचा मुलामा सांध्याभोवतालून काढून टाकावा आणि क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेला जॉब पूर्ण कोरडा झाल्याखेरीज त्याच्याजवळ आर्क पेटवू नये, कारण त्या वाफांपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. इंधनाचे रिकामे पिंप नवशिक्याने कधीच हाती घेऊ नये.

पायरी सहावी: आर्क पेटवणे आणि करंट जुळवणे

यंत्र बंद असतानाच क्लॅम्प आणि केबल जोडाव्यात, करंट लावावा आणि मगच स्विच चालू करावा. होल्डर त्या वेळी जॉबवर नव्हे, इन्सुलेटेड आकड्यावर टांगलेला असावा. सरावासाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीची, गंज काढलेली पट्टी आणि ३.१५ मिलिमीटरचा ई ६०१३ घ्यावा व करंट ११० अँपिअरच्या आसपास ठेवावा. रॉडचे टोक जॉबवर हलकेच ओढून घासावे आणि ठिणगी दिसताच दोन-तीन मिलिमीटर वर उचलावे. एसीवर ठोकून पेटवण्यापेक्षा घासून पेटवणे नवशिक्याला सोपे जाते, कारण क्षणिक शून्याच्या वेळी टेकवलेला रॉड पेटत नाही, नुसता चिकटतो. चिकटलाच, तर मनगटाला झटका देऊन सोडवावा. सुटला नाही, तर होल्डरची पकड उघडावी. ट्रान्सफॉर्मर हे शॉर्ट सर्किट सोसतो, पण रॉड लालबुंद होऊन त्याचे आवरण निकामी होते.

आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या व्यासाएवढी ठेवावी, रॉड पुढे जाण्याच्या दिशेकडे थोडा कलता, जॉबशी साधारण ७० अंशांचा कोन करून धरावा आणि टोक वितळेल तसा हात खाली आणत पुढे सरकावे. हे खाली येणे विसरले जाते आणि आर्क लांबत जातो. गळतीच्या ट्रान्सफॉर्मरमुळे करंट फारसा बदलत नसला, तरी लांब आर्कमध्ये विद्युतदाब वाढतो, उष्णता पसरते, थेंब उडतात आणि आवरणाच्या वायूंचे संरक्षण सुटते. त्यामुळे यंत्र सांभाळून घेईल या भरवशावर हाताला सूट देऊ नये.

करंट बरोबर आहे की नाही हे दांड्याच्या पट्टीवरून नव्हे, सांध्यावरून ठरवावे, कारण ती पट्टी अंदाजे असते. करंट कमी असेल, तर मणी (सांध्यावर जमलेली धातूची पट्टी) उंच व अरुंद होऊन जॉबवर नुसता बसल्यासारखा दिसतो आणि रॉड वारंवार चिकटतो. जास्त असेल, तर मणी सपाट पसरतो, कडांना खाच पडते, शिंतोडे वाढतात आणि रॉडचा शेवटचा भाग लाल होतो. आर्क सलग न राहता तडतडत विझत असेल आणि करंट वाढवूनही फरक पडत नसेल, तर रॉड आणि भाररहित विद्युतदाब यांची जोडी जुळत नाही असे समजावे.

चुंबकीय ओढीने आर्क एका बाजूला पळण्याचा त्रास डीसीवर होतो, कोपऱ्यांत आणि जाड जॉबवर विशेष. एसीमध्ये दिशा सतत उलटत असल्यामुळे तो फारच कमी असतो. इन्व्हर्टर यंत्रे हलकी आणि पॉवर फॅक्टरच्या दृष्टीने कितीतरी चांगली असूनही जाड लोखंडाच्या साध्या कामासाठी ट्रान्सफॉर्मर टिकून राहिला, याच्या कारणांत हे एक आहे; दुसरे म्हणजे धूळ, उष्णता आणि अस्थिर पुरवठा यांना तोंड देणारी त्याची साधी रचना.

देखभाल

काम थांबताना रॉड होल्डरमधून काढावा आणि यंत्र बंद करावे. भार नसतानाही गाभ्यातील नुकसान चालूच असते आणि होल्डरवर विद्युतदाबही असतो. ड्यूटी सायकल पूर्ण वापरली असेल, तर पंख्याचे यंत्र बंद करण्याआधी पंखा काही मिनिटे चालू द्यावा.

हवेने थंड होणाऱ्या यंत्रातील धूळ पुरवठा तोडून, कोरड्या आणि कमी दाबाच्या हवेने ठरावीक काळाने झाडावी. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ गुंडाळ्यांत साचली तर इन्सुलेशन कमकुवत होते. तेलाने थंड होणाऱ्या यंत्रात तेलाची पातळी पाहावी आणि ते गडद झाल्यास बदलावे. हलत्या गाभ्याच्या स्क्रूला उष्णता सहन करणारे ग्रीस द्यावे. तो सैल झाला की गाभा जोराने थरथरतो आणि कामाच्या मध्येच करंट सरकू लागतो, त्यामुळे यंत्राचा आवाज बदलला की आधी तिकडे पाहावे. दुय्यम टर्मिनलचे बोल्ट पुरवठा तोडून घट्ट करावेत. लगभोवतीची तांब्याची तार निळसर-काळी पडली असेल, तर तो सांधा तापत आहे आणि लग कापून नव्याने बसवावा लागेल.

यंत्र बराच काळ दमट जागी पडून असेल, तर चालू करण्याआधी ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. कपॅसिटर असल्यास आधी तो वेगळा करावा. प्राथमिक आणि दुय्यम बाजूंमध्ये किमान ५ मेगओहम, तर प्रत्येक बाजू आणि पेटी यांमध्ये किमान २.५ मेगओहम मिळायला हवेत. आकडा त्याखाली आला, तर गुंडाळी कोरड्या उबदार जागी वाळवून पुन्हा मोजावी आणि तरीही सुधारणा नसल्यास यंत्र दुरुस्तीला द्यावे. आकडा पुरेसा आला, तरी पहिल्यांदा चालू करताना होल्डर आणि परतीची केबल जोडू नये. काही मिनिटे यंत्र मोकळे चालवून गुणगुण, वास आणि भाररहित विद्युतदाब ओळखपट्टीशी जुळतो का, हे पाहावे आणि मगच केबल लावावी.